बहात्तर तासांची मुदत

गुरुवार, 5 ऑगस्ट 2021. सकाळचे आठ चाळीस. कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कोगनोळीच्या नाक्याआधी तुमची गाडी थांबली ती थांबलीच. पुढं ट्रकांची रांग. बाजूच्या उसात पुराचा गाळ अजून वाळलेला नाही. पंधरवड्यापूर्वी यमगर्णीजवळ वेदगंगा याच महामार्गावर चढून बसली होती. पाणी ओसरलं, रस्ता सुटला, आणि आता माणसांनी तो अडवलाय.

तुम्ही स्टिअरिंगवर. शेजारी बायको, तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. फाइलमधला सगळ्यात वरचा कागद आरटीपीसीआरचा. स्वॅब तिघांनी निपाणीतच दिला होता, सोमवारी सव्वानऊला. कर्नाटक सरकारनं 31 जुलैला काढलेल्या आदेशानुसार महाराष्ट्रातून येणाऱ्याला बहात्तर तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागतो, दोन्ही डोस झाले असले तरी. तुमच्याकडं पस्तीस मिनिटं उरलीत. पुढचा ट्रकवाला इंजिन बंद करून खाली उतरतो आणि तंबाखू मळायला घेतो.

मागं बसलेली लेक म्हणते, “बाबा, म्युनिकची रंगीत तालीम समजा.”

तुम्ही कोल्हापूरला गेला होतात तिच्याच कामाला. शिवाजी विद्यापीठातनं कागद काढायचे होते, आत्याकडं दोन मुक्काम झाले. सप्टेंबरात ती जर्मनीला शिकायला जाणार. आणि डिसेंबरात तुम्ही दोघं तिच्यामागून: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जमलं तर इटली. जन्मात पहिल्यांदा परदेश, आणि तोही असल्या साली. आत्या म्हणालीच, “ह्याच वर्षी कुठं निघालाय रे तडफडायला?”

नऊला सात मिनिटं कमी. पोलीस खिडकीशी वाकतो. “रिपोर्ट यल्लैति?” बायको तिन्ही कागद पुढं करते. तो बोट फिरवतो, तारीख बघतो, हात हलवतो. गाडी शंभर पावलं गेल्यावर बायको हळूच म्हणते, “अहो, त्यानं खालची तारीख बघितली. रिपोर्टची. स्वॅबची नव्हेच.”

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. विमान कंपन्या वरची तारीख बघतात. नमुना घेतला त्या मिनिटापासून त्यांचं घड्याळ चालू होतं.

निपाणीकराला सीमेचं कौतुक सांगायला युरोपनं यायला नको. तुमच्या गावाचं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. लेक घरातनं कॉलेजला पायी जायची. रोज सकाळी राज्य बदलायची आणि दुपारी जेवायला परत यायची. 1 नोव्हेंबर 1956 नंतर तुमचं घर म्हैसूर राज्यात गेलं, आताच्या कर्नाटकात. बाजार, सोयरीक आणि दवाखाना कोल्हापूरकडंच राहिला. एरवी या रेषेची आठवण गाडीच्या नंबरप्लेटीवरनं आणि मोर्च्याच्या दिवशीच यायची. साथ आली आणि रेषेला खांब फुटले, तंबू फुटले.

रात्र. जेवणं उरकून तुम्ही तिघं सोप्यात बसलाय. लेकीनं वहीच्या पानावर चार देशांचे चार रकाने पाडलेत. खोडरबर जवळच ठेवलंय, कारण नियम पंधरा दिवसांनी बदलतात.

युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र 1 जुलैला सुरू झालं. त्यात त्यांच्या औषध संस्थेनं मानलेल्या चारच लशी: फायझर, मॉडर्ना, जॅन्सन आणि अॅस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेव्हरिया. पुण्याच्या सीरममध्ये तयार झालेली कोविशिल्ड ही तीच अॅस्ट्राझेनेकाची लस, पण नाव निराळं, कारखाना निराळा, म्हणून यादीबाहेर. मग जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा काहींनी ती आपापल्या जबाबदारीवर मानली. बायकोनं कोविशिल्ड घेतलीय. तिचा रकाना बरा दिसतो. लेकीचाही. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना चौऱ्याऐंशी दिवसांऐवजी अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस घेण्याची सवलत जूनमध्ये मिळाली, तिच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबरही चढला.

आणि तुम्ही? तुम्ही कोव्हॅक्सिन घेतलीत. त्या दिवशी केंद्रावर तीच होती. शिवाय थोडा अभिमानही होता: 2020 च्या जुलैत या लशीच्या पहिल्या चाचण्या देशातल्या ज्या बारा रुग्णालयांत सुरू झाल्या, त्यांत बेळगावचं जीवनरेखा होतं. आपल्या जिल्ह्यात तपासलेली लस! जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मात्र ती अजून नाही, आणि जर्मनीच्याही नाही. लेक तुमच्या नावापुढं फुली मारते, मग वाईट वाटून फुलीचा प्रश्नार्थक करते.

“म्हणजे आई येणार, तुम्ही नाही,” ती म्हणते.

“मी एकटी जाऊन काय करू? ह्यांचं जेवण कोण बघणार?” बायकोनं विषय मिटवला. तिला जायचंच आहे, हे तुम्हाला कळतं. लोकरीची कानटोपी तिनं कोल्हापुरात गुपचूप घेतलीय.

इटलीचा रकाना त्याच रात्री खोडला. चार देशांचे चार नियम एका माणसाला पाळता येतील, पण ते एकाच आठवड्यात टिकतील याची हमी कोण देणार?

जरा थांबा, तुम्हाला आणखी मागं न्यायचंय. 14 जून 1985, लक्झेंबर्गमधलं शेंगेन गाव, मोझेल नदी. पात्रात ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाची बोट. तीन देश भेटतात त्या जागी पाच देशांचे प्रतिनिधी सही करतात: आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद. नदी, पूल, पलीकडं दुसरं राज्य. चित्र तुम्हाला अनोळखी नाही. आता तिथनं 2020 च्या वसंतात या. जर्मनीचं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचं क्रॉइझलिंगेन, निपाणी आणि अर्जुननगरासारखी चिकटलेली गावं. मधे अचानक कुंपण उभं राहिलं. प्रेमात पडलेली माणसं जाळीतनं हात धरायला लागली, तेव्हा काही अंतरावर दुसरं कुंपण घातलं. हे वाचून तुम्हाला युरोपबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. बर्फाच्या फोटोंनी ती वाटली नव्हती.

सप्टेंबरात लेक गेली. 3 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेनं कोव्हॅक्सिन मानली. तिकडनं तिचा फोन आला, तुम्ही एक आपटबार जास्त फोडलात. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं की जर्मनीची यादी वेगळी आहे.

मग 26 नोव्हेंबर. सरकार जाहीर करतं की 15 डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू. आणि त्याच दिवशी विषाणूच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव मिळतं. 1 डिसेंबरला विमानांची तारीख पुढं ढकलली. 2 तारखेला देशातले पहिले दोन रुग्ण सापडले, दोन्ही कर्नाटकात, बंगळुरूला. तुम्ही फाइल कपाटात टाकली. कानटोपी तुम्ही थंडीत पहाटे फिरायला जाताना वापरलीत; बायको काही बोलली नाही.

2022 मात्र घाईनं आलं. 27 मार्चला नियमित विमानं सुरू. 2 मेला स्वित्झर्लंडनं कोरोनाच्या अटी काढल्या, 16 मेला ऑस्ट्रियानं. 1 जूनला जर्मनीनं कोव्हॅक्सिन मानली, म्हणजे तुमच्या नावापुढचा प्रश्नार्थक गेला. 11 जूनपासून जर्मनीनं लशीचा पुरावा मागणंच थांबवलं. ज्या कागदासाठी वर्षभर डोळे लावून बसलात, तो दहा दिवस कामाचा होता, आणि त्या दहा दिवसांत तुम्ही निपाणीत होतात.

व्हिसाचं गणित निराळं आणि त्या मानानं सरळ. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्याच्याकडं अर्ज. नऊ रात्री म्युनिक, दोन साल्झबर्ग, चार स्वित्झर्लंड. आजारपणाचा विमा तीस हजार युरोंचा. मुंबई जवळ, सवयीची, पण तुमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणून जर्मनीसाठी तुमची हद्द बंगळुरूची. पुन्हा तीच रेषा. रात्रीची बस धरून गेलात, बोटांचे ठसे दिलेत, परतीची बस धरलीत.

सप्टेंबर 2022. साल्झबर्गहून म्युनिकला परतायची रेल्वे. बायको खिडकीशी, कानटोपी अखेर तिच्या डोक्यावर, थंडी नसतानाही. फ्राइलासिंगला गाडी थांबते आणि जर्मन पोलीस डब्यात चढतात. ऑस्ट्रियाच्या बाजूनं येणाऱ्यांची तपासणी जर्मनीनं 2015 पासून चालू ठेवलीय, हे लेकीनं सांगितलं होतं. तुम्ही विसरला होतात. बायको विसरलेली नाही. ती फाइल उघडते: विमा, हॉटेलं, दोन्ही डोस, बूस्टर, आणि तळाशी निपाणीतला सोमवारी सव्वानऊचा रिपोर्ट, जो कुणी कधी काढून टाकलाच नाही.

पोलिसानं दोन पासपोर्ट उचलले, व्हिसाचं पान बघितलं आणि परत दिले. बाकी फाइलला त्यानं हात लावला नाही.