तोफेचा डोळा कुठे असतो?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथून, घोडनदीच्या छावणीतून, जी पलटण निघाली तिची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कॅप्टन स्टॉन्टन, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे पाचशेच्या आसपास शिपाई, अडीच-तीनशे स्वार. रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी कोरेगाव. त्या दिवशी जे घडलं त्याचे अर्थ आपण दोनशे वर्षं लावतो आहोत. महार शिपायांचं शौर्य, १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे दिलेली भेट, हा मोठा विषय आहे आणि त्याला स्वतंत्र व्याख्यान हवं. आज आपण फक्त त्या पलटणीबरोबर गेलेल्या दोन तोफांकडे पाहू. त्यांच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

या तोफा सहा पौंडी होत्या. म्हणजे गोळ्याचं वजन सहा पौंड, आपल्या हिशेबाने पावणेतीन किलो. नळी आतून गुळगुळीत. बरोबर मद्रास तोफखान्याचे सुमारे पंचवीस गोलंदाज, त्यांच्यावर लेफ्टनंट चिझम. पेशव्यांच्या बाजूनेही दोन तोफा आणि बाण होते. बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, दारूचे. आजच्या भाषेत रॉकेट.

नेम धरण्याची रीत साधी होती. गोलंदाजाने नळीवरून पाहायचं, समोर माणसं दिसली की नळी तिकडे वळवायची, अंतर अंदाजाने धरून तोंड वरखाली करायचं आणि बत्ती द्यायची. बार झाला की धक्क्याने तोफ मागे सरकायची. पुन्हा ढकलून जागेवर आणायची, पुन्हा नेम. शत्रू अगदी जवळ आला तर गोळ्याऐवजी छर्रे. कोरेगावच्या गल्ल्यांमध्ये लढाई हातघाईवर आली तेव्हा अंतर पावलांत मोजण्याइतकं उरलं होतं.

त्या दिवशी अरबांनी एक तोफ ताब्यात घेतली. चिझम मारला गेला. गंभीर जखमी असलेल्या लेफ्टनंट पॅटिन्सनने शिपायांना घेऊन चढाई केली आणि तोफ परत मिळवली. रात्री लढाई थांबली तेव्हा गोलंदाजांपैकी १२ ठार आणि ८ जखमी होते. बाकी कुठल्याही तुकडीच्या मानाने हे प्रमाण भयंकर आहे. असं का झालं? तोफेचा डोळा तोफेपाशीच होता म्हणून. ज्याला शत्रू दिसतो तो शत्रूलाही दिसतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीने न्यायदर्शनाकडे वळतो. ज्ञान कशाने होतं? प्रत्यक्षाने, अनुमानाने, उपमानाने आणि शब्दाने. उपमान आज बाजूला ठेवू. उरलेल्या तिघांत तोफखान्याचा दोनशे वर्षांचा इतिहास मावतो, असं आमचं मत आहे. कोरेगावची तोफ शुद्ध प्रत्यक्षावर चालत होती.

हे प्रत्यक्ष किती महाग पडतं ते १५ डिसेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत कोलेन्झोला दिसलं. कर्नल लाँगने आपल्या तोफा पायदळाच्या पुढे, उघड्यावर नेऊन लावल्या. समोरचे बोअर खंदकांत लपलेले, त्यांच्या बंदुकांत बिनधुराची दारू. गोलंदाज टिपले गेले, तोफा मैदानात उभ्या राहिल्या. त्या परत आणायला गेलेल्यांमध्ये लॉर्ड रॉबर्ट्सचा मुलगा होता. त्याला तिथेच जीवघेणी जखम झाली. शेवटी दहा तोफा बोअरांच्या हाती गेल्या. चिझमचंच दुखणं, फक्त मोठ्या मापाचं.

मग तोफ टेकडीआड लपवली. पण आता तिला दिसणार काय? हेच व्याख्यान दौंडला झालं तेव्हा मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं, "सर, जे दिसत नाही ते मारायचं कसं?" दौंड पडलं रेल्वेचं जंक्शन. आम्ही त्यांनाच उलट विचारलं, की मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर पुढचे रूळ बरोबर लागलेत हे जाऊन पाहतो का? नाही. रूळ लावणारा केबिनमध्ये, गाडी चालवणारा इंजिनात, आणि मध्ये सिग्नल. ड्रायव्हर सिग्नलवर विश्वास ठेवतो. तोफखान्यातही पुढे टेकडीवर एक निरीक्षक बसतो. तो टेलिफोनवर, पुढे वायरलेसवर सांगतो, "दोनशे जादा, पन्नास डावीकडे." तोफेजवळचा माणूस त्या शब्दावर नळी वळवतो. एक गोळा लक्ष्यापलीकडे पडतो, दुसरा अलीकडे, मग अंतर निम्मं करत करत लक्ष्य पकडीत येतं. यालाच मारा-नियंत्रण म्हणतात, आणि हे शब्दप्रमाण झालं. न्यायशास्त्र म्हणतं, शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा असेल तेव्हा. तोफखान्याने याचा फार व्यवहारी अर्थ लावला: आलेला आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. दोन अंकांची अदलाबदल झाली तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो.

यात एक बारकावा आहे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला तो लगेच कळेल. दहा दगड एकाच जागी, पण सगळे पाखरांच्या चार हात डावीकडे पडले, तर ती चूक सुधारता येते, थोडं उजवीकडे मारायचं. पण दहा दगड दहा दिशांना गेले तर काय सुधारणार? पहिली चूक नेमाची, दुसरी विखुरण्याची. निरीक्षक पहिली दुरुस्त करतो. दुसरी नळी, दारू आणि गोळा बनवणाऱ्या कारखान्यात दुरुस्त व्हावी लागते.

तिसरी पायरी अनुमानाची. १९१७ च्या नोव्हेंबरात कांब्रे इथे ब्रिटिशांनी आधी चाचणीचा एकही गोळा न टाकता मारा सुरू केला. नकाशावर तोफेची आणि लक्ष्याची जागा अचूक मोजलेली, वाऱ्याचा वेग आणि हवेचं तापमान ठाऊक, प्रत्येक नळीची झीज तपासलेली. शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे त्यांच्या आवाजावरून काढण्याची पद्धत लॉरेन्स ब्रॅग या पदार्थवैज्ञानिकाने बसवली होती. सगळं नकाशावर उभं. नकाशासाठी देशमोजणी लागते. आपल्याकडे ती करता करता विल्यम लॅम्बटन १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला. त्याच्या त्रिकोणांचा तोफांशी काय संबंध, असं वाटतं खरं.

हे ज्ञान आपल्या लोकांना मिळालं का? १८५७ नंतर इंग्रजांनी थोड्या पहाडी तोफांचा अपवाद सोडून हिंदी माणसाच्या हातून तोफखाना काढून घेतला. पहिली हिंदी फील्ड रेजिमेंट उभी राहिली ती १९३५ साली. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं. बंदूक दिली, गणित दिलं नाही. देवळालीचं तोफखाना विद्यालय आज नाशिककडे जाताना लागतं, तेही १९४१ मध्ये काकुलहून तिथे आलं.

आता कारगिल. १९९९ च्या उन्हाळ्यात द्रासजवळच्या रस्त्यावर नेमके गोळे पडत होते. ते डागणाऱ्या तोफा ताबारेषेपलीकडे, त्यांना रस्ता दिसत नव्हता. पण तोलोलिंगसारख्या उंचीवर बसलेल्यांना दिसत होता. तोलोलिंग घेणं म्हणजे शत्रूच्या तोफांचा डोळा काढणं होतं, आणि त्यासाठी पायदळाने किती रक्त दिलं ते आपण जाणतो. आपल्या तोफखान्याने त्या युद्धात अडीच लाखांवर तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे गोळा तक्त्यात लिहिलंय त्यापेक्षा लांब जाई; अनुमानाचे तक्ते दुरुस्त करावे लागले. आणि काही ठिकाणी बोफोर्स सरळ समोर आणून, शिखर डोळ्यांनी पाहून मारा केला. कोरेगावचीच रीत! गोळा मात्र पावणेतीन किलोंऐवजी चाळीस-बेचाळीस किलोंचा. पुढे शत्रूच्या तोफांचा ठाव काढणारी रडारं आली, त्यातलं 'स्वाती' देशातच तयार झालं. पाषाणच्या प्रयोगशाळेने 'पिनाक' घडवलं, एका गाडीवरून ४४ सेकंदांत बारा रॉकेटं. पेशव्यांचे बाण असे पुण्यात परत आले, पण आता मार्ग दाखवणारी यंत्रणा डोक्यात घेऊन.

सगळं सुटलं असं समजू नका. उपग्रहाच्या आधाराने जाणारा गोळा युक्रेनमध्ये सुरुवातीला फार प्रभावी ठरला, मग रशियनांनी संदेशांत गोंधळ घालायला सुरुवात केली आणि त्याचा नेम ढळू लागला. शब्दप्रमाणाचा जुनाच आजार, आप्तच खोटं बोलू लागला.

दौंडच्या त्या गृहस्थांनी शेवटी आणखी एक विचारलं: निरीक्षक बोलला, गणित करणाऱ्याने केलं, तोफवाल्याने बार काढला, तर चुकीच्या घरावर पडलेला गोळा कोणाचा? कोरेगावला हा प्रश्नच नव्हता. ज्याने पाहिलं त्यानेच मारलं. आता हे तिघे तीन ठिकाणी असतात आणि प्रत्येकाचा आपापला हिशेब बरोबर असू शकतो. सैन्यात हुकूम देणारा अधिकारी जबाबदार, हे उत्तर नियमाच्या दृष्टीने ठीक आहे. त्यांचं समाधान झालं नाही. आमचंही झालेलं नाही.

आणि गोळा ठरल्या जागी पडला तरी तो फुटलाच असं नाही. इथून नगरकडे गेलात की पलीकडे खारे कर्जुनेचं सरावाचं मैदान आहे. तिथे पितळेच्या नि लोखंडाच्या भंगारासाठी न फुटलेले गोळे उचलायला जाणारे लोक आहेत, त्यात जीव गमावलेलेही आहेत. नेमाच्या कुठल्याच तक्त्यात ते धरलेले नसतात.