मजकूर मांडणीचा व्यवसाय : बीड जिल्ह्यातील गणित

लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, वाढदिवसाचा फलक, शाळेचे माहितीपत्रक, दशक्रियेच्या दिवशीचा श्रद्धांजली फलक. तालुक्याच्या गावी ही सारी कामे बहुधा एकाच छोट्या दुकानात होतात. एक-दोन संगणक, कोरलड्रॉ व फोटोशॉप येणारा एक तरुण आणि दारात तासन् तास उभा असलेला ग्राहक, असे या व्यवसायाचे स्वरूप असते. भांडवल तुलनेने कमी लागत असल्याने बीड जिल्ह्यातील अनेक तरुण याकडे वळतात. मात्र हे दुकान सुरू करण्यापेक्षा टिकवणे कठीण असते. काम नसते असे नाही. कामाचे मोल ठरवणे आणि ते वसूल करणे, या दोन ठिकाणी गणित चुकते.

परंपरा आणि बाजारपेठ

देखण्या अक्षरांशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण लांबलचक कापडावर लिहिले. 'दासोपंतांची पासोडी' म्हणून ते प्रसिद्ध आहे. अलीकडच्या काळात हे काम पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींकडे होते. डीटीपी आणि त्यापाठोपाठ फ्लेक्स आले, तसा कुंचला मागे पडला.

बाजारपेठेचे स्वरूप प्रामुख्याने ग्रामीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती आणि दर पाच जणांपैकी चार जण खेड्यांत राहत होते. ऊसतोडणीसाठी लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या घरांतील लग्नकार्ये साहजिकच त्यानंतर निघतात. त्यामुळे उन्हाळ्यातील लगीनसराईत काम उरकत नाही आणि पावसाळ्यात, विशेषतः पेरणीच्या काळात, दुकान रिकामे राहते. गणेशोत्सव, नवरात्र आणि निवडणुका हे मधले आधार. वर्षाचा हिशेब या चक्राप्रमाणेच मांडावा लागतो.

दर कसा ठरवावा

फ्लेक्सचा दर चौरस फुटावर आणि पत्रिकेचा दर शेकड्यावर सांगण्याची पद्धत आहे. त्यात मांडणीचे श्रम दिसतच नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने कापड आणि कागद विकत घेतले जाते, मांडणी फुकट मिळते. शेजारच्या दुकानाने फुटामागे दोन रुपये कमी केले की तो तिकडे जातो. म्हणून पावतीवर मांडणी आणि छपाई या दोन वेगळ्या ओळी असाव्यात, हा या व्यवसायाचा पहिला नियम होय.

मांडणीचा दर काढण्याची रीत सोपी आहे. समजा भाडे, वीज, यंत्रांची झीज, मदतनिसाचा पगार आणि मालकाचा स्वतःचा मेहनताना मिळून महिन्याचा खर्च ३६ हजार रुपये आहे. दिवसभर दुकान उघडे असले, तरी प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे काम महिन्याला १२० तासांपेक्षा अधिक होत नाही. म्हणजे तासाला ३०० रुपये मिळालेच पाहिजेत. वर्षातील चार मंदीच्या महिन्यांत निम्मेच उत्पन्न झाले, तर ७२ हजारांची तूट येते. ती उरलेल्या आठ महिन्यांत भरून काढायची, तर त्या काळात दर महिन्याला ९ हजार अधिक हवेत, म्हणजेच तासाला ३७५ रुपये. तीन तास घेणाऱ्या पत्रिकेची मांडणी मग ११२५ रुपयांची ठरते. ग्राहक एवढे देत नसेल, तर तयार नमुने ठेवून वेळ कमी करावा. स्वतःचा मेहनताना खर्चातून वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रूफ, विसार आणि उधारी

नावांचा क्रम, आडनावाची वेलांटी, फलकावर राहून गेलेला एखाद्या नेत्याचा किंवा पाहुण्याचा फोटो यांवरून होणारे रुसवेफुगवे अखेर दुकानदाराच्या माथी येतात. त्यासाठी प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून लेखी होकार घ्यावा आणि दोन दुरुस्त्यांनंतर वेगळी आकारणी होईल, असे आधीच सांगावे. निम्मी रक्कम विसार म्हणून घेतल्याखेरीज काम हाती घेऊ नये. फलक चौकात लागला, कार्यक्रम उरकला की वसुलीचा जोर ओसरतो.

शाळा, पतसंस्था, कंपन्या अशा ग्राहकांच्या बाबतीत कायद्याचा आधार घेता येतो. केंद्राच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली असावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी संकेतस्थळावर होते आणि तिला शुल्क नाही.

भांडवल आणि कर

सुरुवातीला फ्लेक्स छपाईचे यंत्र घेण्याचा मोह टाळावा. छपाई बाहेरून करून घेतली तर कर्जाचा हप्ता मंदीच्या महिन्यांत छातीवर बसत नाही. संगणक व प्रिंटरपुरती रक्कम हवी असल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज पुरू शकते. मोठ्या प्रकल्पासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. राज्यातल्या राज्यात सेवा देणाऱ्या व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

हक्क आणि जबाबदारी

स्वतंत्र व्यावसायिकाने तयार केलेल्या बोधचिन्हाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, सर्वसाधारणपणे ते तयार करणाऱ्याकडेच राहतो आणि हस्तांतर लेखीच व्हावे लागते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची व्यवस्था मात्र उलट आहे. तेथे हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. हा फरक पावतीवर एका ओळीत नोंदवला तरी पुढचे वाद टळतात. दुसऱ्याची छायाचित्रे आणि विनापरवाना फॉन्ट वापरणे हीदेखील जोखीमच. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे असून व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात.

निवडणुकीत अधिक सावध राहावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले घोषणापत्रही घ्यावे लागते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घाईच्या कामात हे विसरले, तर कार्यकर्ता निघून जातो आणि छापणारा गावातच सापडतो.

चांगली मांडणी येणारे हात जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांतले अनेक हात पुण्या-मुंबईच्या दुकानांत पगारावर राबतात. ते आपल्या गावात टिकायचे असतील, तर पावतीवरची मांडणीची ती वेगळी ओळ आग्रहाने लिहावी लागेल आणि ग्राहकालाही ती वाचण्याची सवय लावावी लागेल.