स्वराज्यमालेकडे परतणारा वाचक

लांबलचक कादंबरीमाला वाचावयास घेतलेल्या माणसाच्या आयुष्यात मध्येच एक खंड हटकून पडतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिला भाग हाती येतो. दुसरा आणि तिसरा भाग तो कंदिलाच्या उजेडात, वडीलधाऱ्यांची नजर चुकवून संपवितो. मग परीक्षा आडवी येते, परीक्षेमागून नोकरी आणि नोकरीमागून संसार. आणि पाचवा किंवा सहावा भाग वाचनालयाच्या कपाटात तसाच राहून जातो. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या रिकाम्या दुपारी त्या पुस्तकाचा कणा दृष्टीस पडतो आणि त्याला आठवते, की एका लढाईच्या ऐन मध्यावर आपण ही कथा सोडून दिली होती.

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि परेडची शिस्त लोकांच्या रोजच्या परिचयाची आहे. अशा मुलखात गडकोटांच्या व सैन्यांच्या हालचालींच्या कथांना वाचक मिळाला यात नवल नाही. परंतु या कथा मालिकारूपाने कशा जन्मल्या, त्या मध्येच का तुटल्या आणि त्यांच्याकडे परतणाऱ्या वाचकाला काय सापडते, याचा इतिहास मनोरंजनापुरता पाहून सोडून देण्यासारखा नाही.

मराठीत या प्रकाराचा पाया हरि नारायण आपटे यांनी घातला. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात क्रमशः कादंबऱ्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात अशीच हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली. शिवकालाचे चित्र एका कादंबरीत मावणारे नव्हते, म्हणून पुढे ‘सूर्योदय’ आणि त्यानंतर ‘सूर्यग्रहण’ आली. पहाट, उदय आणि ग्रहण या तीन नावांवरूनच लेखकाच्या मनातील मोठा आराखडा ध्यानात येतो. पण ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली. १९१९ साली हरिभाऊंचे निधन झाले. ग्रहण लागले ते लागले. ते सुटलेले वाचकाला लेखकाच्या हातून कधीच पाहावयास मिळाले नाही.

हरिभाऊंनंतर हे काम ज्याने नेटाने उचलले, त्याची स्वतःची कहाणी कोणत्याही कादंबरीहून कमी नाही. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, यांचा जन्म १८८२ सालचा. शालेय शिक्षण थोडके. मुंबईस तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. शिकारीचा नाद होता. त्या नादात सिंहगडाच्या परिसरात ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा देह कायमचा लुळा झाला. तरुण वयात अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने वाचन आरंभिले आणि वाचनातून तो लेखनाकडे वळला. ज्याला उंबरठा ओलांडणे अशक्य होते, त्याने मराठी वाचकाला किल्ल्यामागून किल्ला चढावयास लावला.

नाथमाधवांच्या पहिल्या काही कादंबऱ्यांत ‘श्रीनिवासराव’ ही एक आहे. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे तिची गणना या प्रकाराच्या अगदी आरंभीच्या कृतींत करतात. १९१३ मध्ये ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी आली आणि तिने एका पिढीला वेड लावले. म्हणजे विज्ञानाची कल्पना, अद्भुताची ओढ आणि युद्धाचे वर्णन या तिन्ही गोष्टी एकाच लेखणीत वसत होत्या. १९२० नंतरच्या दशकात त्या लेखणीतून स्वराज्यमाला उतरली : ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्यातील दुफळी’. ही नावे ओळीने वाचली तर राज्य कसे उभे राहते, कसे चालते, कसे बदलते आणि कोठे तडकते, याचा आलेखच डोळ्यांपुढे उभा राहतो. १९२८ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, नाथमाधव निवर्तले. पेशवाईच्या अंतापर्यंतची वाट त्यांच्या हातून चालून व्हायची राहिली. पेशवाईचा विषय पुढे वि. वा. हडप यांनी आपल्या ‘कादंबरीमय पेशवाई’ या मालेत हाती घेतला. परंतु तो दुसऱ्या लेखकाचा दुसरा प्रवास होता.

आपल्याच तुटलेल्या मालेकडे लेखक स्वतः परतला, असे उदाहरण पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. आयझॅक आसिमोव्ह या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ‘फाउंडेशन’ या कथामालेचा आरंभ केला. हजारो ग्रहांवर पसरलेले साम्राज्य ढासळत आहे, सरहद्दीवरचे सुभे स्वतंत्र होत आहेत, सेनापती बंड करीत आहेत, असा तिचा विषय. काळ भविष्यातला, परंतु साचा जुना. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावर गिबनने लिहिलेल्या इतिहासावरून ही कल्पना सुचल्याचे आसिमोव्हने मोकळेपणाने सांगितले आहे. १९५० पर्यंत मासिकातून कथा आल्या, १९५१ ते १९५३ या काळात त्यांचे तीन ग्रंथ झाले आणि लेखकाने तो विषय बाजूला ठेवला. वाचकांची व प्रकाशकांची मागणी थांबेना. अखेर चौथा ग्रंथ १९८२ साली बाहेर पडला. तो लिहिण्यापूर्वी आसिमोव्हने आपलेच तीन ग्रंथ पुन्हा वाचून काढले. त्यात लढाया जवळजवळ नाहीत, सारे काही संभाषणांतून आणि विचारांतून घडते, हे पाहून तो प्रथम अस्वस्थ झाला. तथापि वाचन संपताच पुढे काय झाले हे जाणून घेण्याची ओढ त्यालाही लागली. भविष्यकाळाची सैनिकी कथा आणि भूतकाळाची ऐतिहासिक कादंबरी या सख्ख्या बहिणी आहेत, हे यावरून उमगते. राज्य का मोडते, हाच दोघींचा प्रश्न असतो.

हरिभाऊंना आणि नाथमाधवांना असे परतण्याचे भाग्य लाभले नाही. म्हणून त्यांच्या मालांकडे परतण्याचे काम वाचकाच्या वाट्याला आले. आणि तो वाचक निपाणीचा किंवा बेळगावचा असेल तर त्याला मालेचा राहिलेला भाग आपल्याच वेशीत सापडतो.

लहानपणी वाचताना शत्रू नेहमी दूरचा असतो. तो विजापूरहून येतो, दिल्लीहून येतो, समुद्रावरून येतो. शेवटच्या भागातील ‘दुफळी’ हा शब्द मुलाला कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात कोणाची बाजू घ्यावी हे समजत नाही. चाळिशीत पुन्हा तो शब्द वाचला की निपाणीचा भुईकोट आठवतो. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कायम झाल्या. त्यानंतर हा सीमाभाग दोन मराठी सत्तांच्या ओढाताणीत सापडला. एका बाजूस कोल्हापूरचे छत्रपती, दुसऱ्या बाजूस पेशव्यांचे सरदार पटवर्धन आणि निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई. चिकोडी आणि मनोळी या दोन तालुक्यांसाठी निपाणीकर आणि कोल्हापूरकर वर्षानुवर्षे झगडत राहिले. खेडी जाळली गेली ती मराठी घोडदळांनीच. १८०३ च्या युद्धात हेच आप्पा देसाई इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बरोबर, पेशव्यांकडून दिलेल्या फौजेत, शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध बाजूस होते. १८१२ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरशी तह केला, त्यात मालवण गेले आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सुटला. पुढे पेशवाई बुडाल्यावर तेच दोन तालुके इंग्रजांनी निपाणीकरांकडून काढून कोल्हापूरला दिले. ज्यासाठी दोघे भांडले, ते वाटून देण्याचा अधिकार तिसऱ्याच्या हाती गेला होता.

१८१८ सालची बेळगावची हकीकतही अशीच आहे. जनरल मन्रोजवळ नियमित फौज थोडी होती. धारवाड-बेळगाव मुलखातील स्थानिक शिपाई आणि पेशव्यांच्या कारभाराला विटलेले लोक यांच्या बळावर त्याने एकेक ठाणे घेतले. मार्चमध्ये वेढा पडला आणि एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला हाती आला. कित्तूरच्या देसायांनीही पेशव्यांच्या जाचाला कंटाळून इंग्रजांना साह्य केले होते. सहाच वर्षांनी, दत्तकाचा प्रश्न निघताच, त्याच इंग्रजांनी कित्तूरच्या खजिन्याला मोहरा लावल्या. राणी चन्नम्मा उठली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कलेक्टर थॅकरे लढाईत मारला गेला. पण डिसेंबरात कित्तूर पडले. राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारली. तिचा शिलेदार संगोळी रायण्णा याला १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले, ते नंदगडला. म्हणजे आजही मराठी बोलणारी वस्ती असलेल्या खानापूर तालुक्यात.

या सरहद्दीवर दोन भाषांची मुले दोन निरनिराळ्या शौर्यकथा वाचून मोठी झाली. एकाच्या हातात स्वराज्यमाला, दुसऱ्याच्या हातात कित्तूरची कथा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या काळात मराठी पुस्तक हे येथील अनेक घरांत केवळ करमणुकीचे साधन राहिले नाही. आपण कोण, हे सांगणारी ती वस्तू झाली. म्हणूनच त्या पुस्तकाकडे प्रौढ वयात परतणे अवघड आहे. जुने प्रेम सोडवत नाही, आणि जुन्या डोळ्यांनी वाचताही येत नाही. जो मराठी वाचक कित्तूरकरांच्या नजरेने पेशव्यांकडे पाहून येतो, त्याला ‘स्वराज्य’ हा शब्द कोणाच्या घरी कसा ऐकू गेला असेल, याचा विचार करावाच लागतो.

येथे इतिहासकाराची सोबत उपयोगी पडते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९०२ ते १९३२ अशी तीस वर्षे ‘मराठी रियासत’ लिहिली. बडोद्याची नोकरी सांभाळून, १९२५ नंतर निवृत्त होऊन, तरुण पुत्राच्या मृत्यूचे दुःख सोसूनही त्यांनी ती माला तडीस नेली. नवी कागदपत्रे उजेडात येत गेली तसतसे त्यांना आपले जुने लिहिणे दुरुस्त करावे लागले. पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड त्यांच्याच देखरेखीखाली निघाले. कादंबरीमालेत लेखकाला मागचा भाग बदलता येत नाही. इतिहासाच्या मालेत तो बदलावाच लागतो. स्वराज्यमालेकडे परतणाऱ्याने रियासतीचा संबंधित भाग जवळ ठेवावा. त्यामुळे कादंबरीची गोडी कमी होत नाही आणि गोडीच्या भरात फसगतही होत नाही.

आणखी एक पाऊल जवळच्याच कोल्हापुरात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने टाकले. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली आणि पहिले पारितोषिक मिळविले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे चुकून निघून जाते. मराठी युद्धकथा आणि विज्ञानकथा यांची गाठ या कथेत पडली. विशेष हे, की ती कथा केवळ विजयाचा आनंद लुटून थांबत नाही. एका क्षणी दोन वाटा फुटू शकतात आणि आपण चाललो ती त्यांपैकी एकच होय, असा विचार ती वाचकापुढे ठेवते.

हा विचार घेऊन निपाणीचा वाचक पुन्हा ‘दुफळी’पाशी येतो. पानिपतावर गोळी चुकली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनोहर आहे. परंतु चिकोडी-मनोळीसाठी दोन शेजारी तीस कोसांच्या आत एकमेकांना मारीत बसले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या वेशीतला आहे. येथे कोणाची गोळी चुकण्याची गरज नव्हती. समजुतीने बसण्याची गरज होती.

वाचनालयातील तो जुना भाग आता पाने पिवळी पडून, शिवण सुटून राहिला असेल. ज्याने तो अर्धा सोडला होता, त्याने तो पुन्हा घरी न्यावा आणि सोडलेल्या पानापासून नव्हे, पहिल्या पानापासून वाचावा. शेजारच्या कन्नड घरात कित्तूरची गोष्ट सांगणारे कोणी वडीलधारे असतील, तर तीही एकदा ऐकून घ्यावी. नाथमाधवांची माला जेथे थांबली, त्यापुढची हकीकत अशा रीतीनेच पुरी होण्यासारखी आहे.