नदीवरून नेलेला कालवा

भारतातून आईवडील आले की एडिसनची मंडळी त्यांना हमखास ब्रुकलिन ब्रिज दाखवतात. १८८३ साली खुला झालेला तो पूल दाखवण्यासारखा आहेच. परंतु त्याचा आराखडा करणाऱ्या जॉन रोबलिंगचा त्याहून जुना झुलता पूल आपल्यापासून साधारण दोन तासांच्या ड्राइव्हवर, लॅकावॅक्सन येथे डेलावेअर नदीवर उभा आहे. तिकडे आपल्यापैकी फारसे कोणी वळत नाही.

रोबलिंग हाही आपल्यासारखाच बाहेरून आलेला इंजिनिअर. १८३१ मध्ये तो जर्मनीतून आला, आधी शेती केली, मग तारेचे दोर बनवू लागला. १८४९ मध्ये त्याचा कारखाना आपल्या शेजारच्या ट्रेंटनला आला.

त्या काळी पेनसिल्व्हेनियातला कोळसा कालव्यातून होड्यांनी हडसन नदीपर्यंत जाई. वाटेत डेलावेअर ओलांडताना नदीतून येणाऱ्या लाकडाच्या तराफ्यांशी होड्यांची टक्कर होई. म्हणून रोबलिंगने १८४८ मध्ये कालवाच नदीवरून नेला! पाण्याने भरलेला ५३५ फूट लांबीचा लाकडी हौद, आणि तो तोलायला साडेआठ इंच जाडीचे दोन दोर, म्हणजेच केबल. प्रत्येकात २,१५० लोखंडी तारा. गंमत अशी की कोळशाने भरलेली होडी आली तरी पुलावरचा भार वाढत नसे. होडी जेवढ्या वजनाची, तेवढ्याच वजनाचे पाणी ती हौदाबाहेर कालव्यात सारते. आर्किमिडीजचा नियम, दुसरे काय!

१८९८ मध्ये कालवा बंद पडला. त्यावर रोबलिंगचे असे चार पूल होते, त्यांतला हा एकच उरला. पाणी गेले, पण पुलावर टोलचा रस्ता झाला. आणि कामात असलेली वस्तू सहसा कोणी मोडत नाही.

१९८० मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने तो विकत घेतला. १९८३ मध्ये प्रयोगशाळेत दोर तपासले, तेव्हा ते अजून भार पेलण्याजोगे निघाले. मग लाकडी भाग रोबलिंगच्या मूळ नकाशांप्रमाणे नवा केला, दोर मात्र तेच ठेवले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीस वर्षांचा प्रोग्राम दिसला की पहिला सल्ला मिळतो तो टाकून नव्याने लिहिण्याचा. इथे आधी भार कशावर आहे ते पाहिले, ते तपासले, आणि मगच काय बदलायचे ते ठरवले. गणेशोत्सवात, मराठी शाळेत मुलांसाठी काय बदलावे यावर आपण नेहमीच वाद घालतो. तेव्हाही हाच क्रम पाळावा, असे मला वाटते. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा आणि तारांच्या त्या दोरांवर हात ठेवून पाहा.