मुलुंडमध्ये घर घेताना: राहण्यासाठी आणि गुंतवणुकीसाठी

मध्य रेल्वेवर मुंबई महापालिकेच्या हद्दीतले शेवटचे स्थानक म्हणजे मुलुंड. पुढचे स्थानक ठाणे, आणि तिथे महापालिका बदलते. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. या दोन्ही बाजूंना वाढायला जागा नाही. मुलुंडच्या घरांचे भाव, तिथले फायदे आणि तिथल्या अडचणी समजून घ्यायच्या तर आधी हा नकाशा डोळ्यांसमोर हवा.

मुंबईची बहुतेक उपनगरे गावठाणांभोवती जमेल तशी वाढली. मुलुंड पश्चिमेचा जुना भाग मात्र आखून वसवलेला आहे. १९२२ च्या सुमारास झवेरभाई रामजी या जमीनमालकांनी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून त्याचा आराखडा करून घेतला. स्टेशनातून बाहेर पडून पाच रस्त्याकडे चालत गेलात तर एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आजही दिसतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना याचा उपयोग होतो, आणि इमारतींच्या पुनर्विकासातही होतो, कारण समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर इमारत किती उंच जाणार हे बऱ्याच अंशी ठरते.

पूर्व की पश्चिम?

पश्चिमेला बाजारपेठ मोठी. महाकवी कालिदास नाट्यमंदिर, त्याच आवारातले प्रियदर्शिनी क्रीडासंकुल आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरचे मॉलही याच बाजूला. गुजराती आणि कच्छी वस्ती पूर्वीपासून मोठी आहे. पूर्वेला गव्हाणपाडा, नवघर रस्ता, मिठागर रस्ता, म्हाडा वसाहत आणि केळकर-वझे महाविद्यालयाचा परिसर. इथले वातावरण अधिक मराठी मध्यमवर्गीय आणि पूर्व द्रुतगती महामार्ग हाताशी. ऐरोलीमार्गे नवी मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांना पूर्व सोयीची, तर लालबहादूर शास्त्री मार्गाने भांडुप-घाटकोपरकडे जाणाऱ्यांना पश्चिम.

घर मिळण्यात भाषेचा आणि आहाराचा प्रश्न आड येतो, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेत एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली आणि ते प्रकरण राज्यभर गाजले. ते कॅमेऱ्यात आले म्हणून कळले. भाड्याने घर शोधणाऱ्यांना ही अडवणूक बहुतेक वेळा दलालाच्या तोंडून, आडवळणाने ऐकायला मिळते. विकत घेताना निदान सोसायटीला मनमानी करता येत नाही: खरेदीदार पात्र असेल तर धर्म, जात, भाषा किंवा आहार हे सभासदत्व नाकारण्याचे वैध कारण नाही, आणि नाकारल्यास उपनिबंधकांकडे अपील करता येते.

जमिनीचा इतिहास का पाहायचा?

पश्चिमेच्या डोंगराकडील भागात घर घेणाऱ्याने खासगी वनांचे प्रकरण माहीत करून घ्यावे. भारतीय वन कायद्याखाली १९५० च्या दशकात काही जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढल्या गेल्या. पुढे काहीच झाले नाही. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने खासगी वने सरकारजमा झाली, पण या जमिनींवर बांधकामाच्या परवानग्या मिळत राहिल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. २००६ च्या सुमारास जमिनींच्या अभिलेखात अचानक ‘खासगी वन’ असा शेरा पडू लागला. मार्च २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

महापालिकेची परवानगी, मालमत्ता कराची बिले, कर्जाचे हप्ते असे सगळे रीतसर असलेली हजारो कुटुंबे कागदोपत्री जंगलात राहू लागली. घर विकणे अवघड, त्यावर कर्ज मिळणे अवघड, पुनर्विकास तर दूरच. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नुसती नोटीस काढली, ती मालकावर बजावली नाही आणि पुढे कारवाईही केली नाही, तर तेवढ्याने जमीन खासगी वन ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दिलासा मिळाला, पण तोवर अनेकांची उमेदीची वर्षे गेली होती. म्हणून डोंगराच्या बाजूला जुना फ्लॅट घेताना नुसती इमारतीची कागदपत्रे पाहून भागत नाही. सोसायटीच्या जमिनीचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून तो शेरा खरोखर कमी झाला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे, त्याची मर्यादाही त्याच वेळी पाहावी. (बिबट्या इमारतीच्या आवारात येतो का, हे विचारायला वकील नको. रात्रपाळीचा वॉचमन सांगेल.)

पूर्वेचे प्रश्न वेगळे. सुमारे २४ हेक्टरांचे कचरा क्षेपणभूमीचे आवार ऑक्टोबर २०१८ पासून नव्या कचऱ्यासाठी बंद झाले, पण दशकानुदशके साचलेला ढीग हलवणे हे वर्षांचे काम आहे. धारावी पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडमधली मिळून सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. प्रकल्पबाधितांसाठीच्या मोठ्या वसाहतीलाही मुलुंड पूर्वेत विरोध झाला. विरोधकांचा मुद्दा पाणी, मलनिस्सारण आणि स्टेशनच्या अरुंद रस्त्यांचा आहे. घराच्या खिडकीतून मोकळे मिठागर दिसते म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याने हे वाचून ठेवावे.

नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे

‘मुलुंड–ठाणे’ अशा नावाने जाहिरात होणारे काही प्रकल्प प्रत्यक्षात ठाणे महापालिकेत असतात. त्यात वाईट काही नाही, पण भाव मुंबईचा देऊ नये. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करात माफी देणारा जानेवारी २०२२ चा मुंबईचा निर्णयही बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरता आहे. सोपी खूण: मुलुंड महापालिकेच्या टी वॉर्डात येते. मालमत्ता कराचे बिल कोणत्या महापालिकेचे आहे ते पाहा.

पूर्वी पथकरामुळेही हा फरक जाणवत असे. आनंदनगर नाक्यालगतच्या हरिओम नगरमधल्या लोकांना तर आपल्याच मुलुंडमध्ये यायला टोल भरावा लागे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली.

येऊ घातलेल्या दोन प्रकल्पांवर मुलुंडचे बरेच भाव आज उभे आहेत. एक, वडाळा–कासारवडवली ही मेट्रो ४, जी लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाते. दुसरा, गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता, ज्याचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत. दोन्ही झाले तर मुलुंड बदलेल. मात्र मेट्रो ४ चे काम २०१८ मध्ये सुरू झाले होते, हे ध्यानात ठेवून ‘पुढच्या वर्षी सुरू’ या वाक्यावर किती पैसे लावायचे ते ठरवा. तोपर्यंत हाताशी आहे ती लोकल. मुलुंडला सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत, विशेषतः गर्दीच्या वेळी. धीम्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला तासभर लागतो.

हिशेब कसा मांडायचा?

समजा १ कोटीचा फ्लॅट. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ६ लाख; घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो नाही. ७५ लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६५ हजार. त्याच घराला महिना २५ हजार भाडे आले असे धरू. वर्षाला ३ लाख, म्हणजे ३ टक्के. त्यातून देखभाल, मधले रिकामे महिने आणि सोसायटीचे ना-वहिवाट शुल्क (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते घेता येत नाही) वजा करा. भाड्यातून हप्ता निघत नाही, निम्माही निघत नाही. निव्वळ भाड्यासाठी कर्ज काढून इथे फ्लॅट घेण्यात फारसा अर्थ दिसत नाही. स्वतः राहणाऱ्याचे गणित वेगळे, कारण त्याचे भाडे वाचते.

मग लोक गुंतवणूक म्हणून घेतात ते काय? बहुतेकदा तीन-चार मजली जुन्या इमारतीतला फ्लॅट, पुनर्विकासाच्या आशेवर. इथे दोन गोष्टी नक्की पाहा. पहिली, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची वाट आहे, पण वेळ लागतो. दुसरी, ७९-अ नुसार प्रक्रिया कुठवर आली आहे: विशेष सर्वसाधारण सभा, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, किमान ५१ टक्के सभासदांची संमती. ‘बिल्डर येऊन गेला’ ही प्रगती नव्हे. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. विकासक ठरला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे आधीचे प्रकल्प कितीदा मुदतवाढ घेऊन पूर्ण झाले ते दिसते, आणि अशा एखाद्या इमारतीतल्या जुन्या सभासदांना संक्रमण काळातले भाडे वेळेवर मिळाले का, हे त्यांच्या दारात जाऊन विचारता येते.