मॉन्ट्रियलची पहिली फेरी

आजचा भाग काशीतला आहे, पण घाटांवर किंवा मंदिरांवर नाही. आज बोलायचंय आठशे मीटरच्या एका शर्यतीवर. ती 25 जुलै 1976 ला कॅनडात झाली, आणि तिच्यावरून मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं अस्सी घाटावर चांगले दोन तास भांडलो.

चौघं म्हणजे कोण? एक मी. दुसरे प्राध्यापक, दुर्गाघाटावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. पाच-सहा पिढ्या काशीत, तरी घरात मराठीच. तिसरे एक निवृत्त सुभेदार साहेब, गोरखा पलटणीतले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी इथल्याच 39 गोरखा प्रशिक्षण केंद्रात रंगरूटांना पळवण्यात घालवली. आणि चौथा प्राध्यापकांचा नातू, कॉलेजात शिकणारा, आठशे मीटर धावणारा.

धुकं होतं, हातात कुल्हड होतं. पोराची पुढच्या महिन्यात स्पर्धा होती. त्यानं विचारलं, "आजोबा, पहिल्या फेरीत पुढे राहू की मागे?"

मी लगेच म्हणालो, "मागे राहा. पुढे पळून श्रीराम सिंगचं काय झालं ते माहीत आहे ना? सातवा आला."

सुभेदार साहेबांनी कुल्हड खाली ठेवलं. "साब, सातवा आला हे खरं. पण हरला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

इथून वाद पेटला.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. श्रीराम सिंग राजस्थानचा. 1968 मध्ये राजपुताना रायफल्समध्ये भरती झाला. तिथं त्याला इलियास बाबर हे प्रशिक्षक भेटले आणि त्यांनी त्याला आठशे मीटरकडे वळवलं. 1974 ला तेहरान आणि 1978 ला बँकॉक, दोन्ही आशियाई स्पर्धांत त्यानं या शर्यतीचं सुवर्णपदक घेतलं. मधे आलं मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक.

अंतिम फेरीत आठ जण. त्यात क्युबाचा अल्बेर्तो जुआंतोरेना, अमेरिकेचा रिक वोलह्यूटर, बेल्जियमचा इवो व्हॅन डॅम, आणि विशीतला इंग्रज स्टीव्ह ओव्हेट, जो चार वर्षांनी मॉस्कोत याच शर्यतीचं सुवर्ण जिंकणार होता. असल्या मंडळींत आपला जवान पहिल्या फेरीला सर्वांच्या पुढे होता! चारशे मीटरला त्याची वेळ 50.85 सेकंद, जुआंतोरेना त्याच्या खांद्याशी. दुसऱ्या फेरीत जुआंतोरेना निघून गेला, 1 मिनिट 43.50 सेकंदांचा जागतिक विक्रम करून. श्रीराम सातवा, 1 मिनिट 45.77 सेकंद.

"बघा," मी म्हणालो, "दुसऱ्या फेरीला त्याला जवळजवळ 55 सेकंद लागले. दमला! पहिली फेरी दोन सेकंद सावकाश घेतली असती तर?"

प्राध्यापकांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. तिसऱ्या आलेल्या वोलह्यूटरची वेळ 1:44.12. म्हणजे पदकासाठी श्रीरामला आणखी दीड सेकंदाहून जास्त वेळ कापायला हवा होता. आणि 1:45.77 हीच त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ, त्याआधीची आणि त्यानंतरचीही. "कर्नलसाहेब, मागे राहून पदक मिळालं असतं हे कशावरून म्हणता? पुढे राहून त्याचं काय गेलं?"

मला उत्तर सुचलं नाही.

आणि मिळालं काय? तो राष्ट्रीय विक्रम 42 वर्षं टिकला. 2018 ला गुवाहाटीत जिन्सन जॉन्सननं 1:45.65 नोंदवली तेव्हा तो मोडला. जिन्सनही फौजीच. अजून एक गंमत पाहा. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत चार्ल्स बोरोमिओनं सुवर्ण जिंकलं 1:46.81 मध्ये, श्रीरामच्या सातव्या क्रमांकाहून एक सेकंद सावकाश. त्यालाही घडवलं इलियास बाबर यांनीच. तेव्हा पदक वेगळं आणि वेळ वेगळी. दोन्ही खरी, पण एकाच तराजूत घालायची नाहीत.

जुआंतोरेनानंही आपल्या विक्रमाचं श्रेय श्रीरामच्या वेगाला दिलं. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागच्यांना वेग देतो. 2012 ला लंडनमध्ये केनियाचा डेव्हिड रुडिशा सुरुवातीपासून पुढे राहून 1:40.91 धावला, तोही जागतिक विक्रम. त्या शर्यतीत शेवटच्या, आठव्या आलेल्याची वेळ होती 1:43.77. आधीच्या तीन ऑलिम्पिकमधली सुवर्णपदकं याहून सावकाश वेळेत जिंकली गेली होती!

पोरगं म्हणालं, "पण अथेन्सला, 2004 मध्ये, रशियाचा बोर्झाकोव्स्की मागून येऊनच जिंकला ना?" बरोबर आहे. त्याच्या पायांत शेवटचा झपाटा होता. ज्याच्याकडे तो नाही, त्यानं मागे राहून वाट कशाची बघायची?

प्राध्यापकांनी मग आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं नाव काढलं. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, महार रेजिमेंट, सियाचीनची नोकरी. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस, मध्यम पल्ल्याच्या अगदी काठावरची. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धेत तिची सगळी पदकं केनियाच नेत होता. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये अविनाशनं रौप्य खेचून आणलं. सुवर्ण हुकलं 0.05 सेकंदानं! पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो पुढे निघाला तो निघालाच, आणि सुवर्ण घेऊन थांबला.

आता एक कबुली देतो. 1988 सालची गोष्ट. माझ्या कंपनीत सातारकडचा एक जवान होता. आठशे मीटर नेहमी पहिल्या पावलापासून पुढे राहून धावायचा. आंतर-बटालियन स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला श्रीराम सिंगचंच उदाहरण दिलं आणि सांगितलं, सहाशेपर्यंत मागे राहायचं. तो राहिला. शेवटच्या वळणावर घोळक्यात अडकला. बाहेरून वाट काढेपर्यंत दोघं निघून गेले होते. तिसरा आला. मी विचारलं, "अरे, मोकळी जागा होती तेव्हा का नाही निघालास?" तो म्हणाला, "हुकूम होता साहेब."

छत्तीस-सदतीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. अस्सीवर सांगितलं. सुभेदार साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साब, मीही रंगरूटांना असंच सांगायचो. ज्याचे पाय आहेत त्याला आधी विचारायला पाहिजे."

मग ते पोराकडे वळले. "तुझा शेवटचा दोनशे कसा आहे?"

"बेताचा."

"आणि दम?"

"दम आहे."

"मग उद्या सकाळी साडेपाचला सिगरा स्टेडियमच्या फाटकाशी ये. साबही येतील, घड्याळ धरायला."

मी गेलो. थंडी कडाक्याची होती. पोरगं पहिल्या पावलापासून पुढे निघालं आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.