पोलिस ॲक्शनचे आकाश

परभणी जिल्ह्यात पोलिस ॲक्शनची हकीकत सांगितली जाते ती जमिनीवरची. रझाकारांचा जुलूम, वऱ्हाडच्या सरहद्दीवरचे कॅम्प, आणि १७ सप्टेंबर १९४८ ची संध्याकाळ. त्या पाच दिवसांत मराठवाड्याच्या डोक्यावर काय चालले होते, हे सहसा कोणी विचारत नाही. पण पायदळ आणि विमाने यांनी एकच आकाश कसे वापरायचे, या अवघड प्रश्नाचे फार सोपे उत्तर आपल्या सैन्याला इथे मिळाले, आणि ते पुढे महागात पडले, असे मला वाटते.

निजामाकडे लढाऊ विमाने नव्हती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणून बीदर, वरंगलला उतरवी, तेवढाच त्यांचा आकाशातला आधार. १३ सप्टेंबरला त्या धावपट्ट्यांवर बॉम्ब पडले आणि तोही संपला. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून आत शिरली, नळदुर्गाजवळचा बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे निघताना वाटेत शत्रू दबा धरून बसल्याचे हवाई टेहळणीत दिसले. पुण्याच्या टेंपेस्ट विमानांनी मारा केला, रस्ता मोकळा झाला, दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात. आपल्या बाजूला मेजर जनरल ब्रार यांची फौज औरंगाबाद-जालन्याच्या कामगिरीवर होती.

वरून पाहणाऱ्या वैमानिकाला खाली दिसतात ठिपके. आपला कोण, परका कोण, हे ठिपक्यावर लिहिलेले नसते. म्हणून नकाशावर एक बॉम्बरेषा आखतात. रेषेच्या पलीकडे विमानांना मोकळीक, अलीकडे मात्र जमिनीवरच्या अधिकाऱ्याने वायरलेसवरून मागितल्याशिवाय मारा नाही. फौज पुढे सरकली की रेषाही सरकवावी लागते, आणि ती बातमी धावपट्टीवर पोचावी लागते. शिवाय तोफेचा गोळा जातो तोही आकाशातूनच; त्याच्या वाटेत आपले विमान येता कामा नये. १९४८ मध्ये फौज एकेका सडकेने पुढे जात होती, समोरचा पाच दिवसांत मोडला. या यंत्रणेची खरी परीक्षा झालीच नाही.

ती झाली १ सप्टेंबर १९६५ ला, जम्मूजवळच्या छांबमध्ये. पाकिस्तानी रणगाडे आत घुसले होते. दिल्लीत लष्करप्रमुखांनी हवाई मदत मागितली. हे लष्करप्रमुख म्हणजे तेच जे. एन. चौधरी. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग सोबत होते आणि संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. चव्हाणांनी तिथल्या तिथे होकार दिला. सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून व्हँपायर विमाने उडाली. निर्णयाला मिनिटे लागली, पण त्याआधी दोन्ही दलांनी एकत्र बसून आखणी केलेली नव्हती. मावळत्या उजेडात, धुळीत, दोन्हीकडचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. आपल्याच २० लान्सर्सचे तीन एएमएक्स रणगाडे आपल्याच विमानांनी फोडले. दारूगोळ्याच्या गाड्याही गेल्या. चार व्हँपायर शत्रूने पाडली.

दोष वैमानिकांना देता येत नाही. त्यांना बॉम्बरेषा सांगणारा माणूसच पुढे नव्हता. चौधरींच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, पण विमाने ऐनवेळी बोलावली की काम भागते, ही सवय नळदुर्ग-राजेश्वरच्या सडकेवर लागली असावी.

सहा वर्षांनी, ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी, राजस्थानात लोंगेवालाच्या वाळूवर चित्र वेगळे होते. तोफखान्याचे मेजर आत्मा सिंग छोट्या कृषक विमानातून खालचे रणगाडे पाहत होते आणि जैसलमेरहून आलेल्या हंटर वैमानिकांना वायरलेसवर एकेक लक्ष्य सांगत होते. गणवेश लष्कराचा, विमाने हवाई दलाची, आणि बोलणे एकाच वायरलेसवर.